घरात कुत्रा आहे? मग झाड घेताना अळू आठवा

आमचं पिल्लू चार महिन्यांचं होतं, दुधाचे दात पडून नवीन येत होते, त्यामुळे दिसेल ते चावायचं, आणि एक दिवस त्याने टीव्हीशेजारच्या बाटलीतला मनी प्लांट ओढून दोन पानं चघळली. पाच मिनिटांत लाळेच्या तारा सुरू, पंज्याने सारखं तोंड घासतंय, पाणी पण प्यायला तयार नाही. मला तोवर माहीतच नव्हतं की मनी प्लांट कुत्र्यांना चालत नाही.

अळू नीट शिजला नाही किंवा चिंच कमी पडली की घसा कसा खवखवतो, ते आठवा. मनी प्लांट अळूच्याच कुळातला, पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक खडे असतात ते तोंडात टोचतात. डिफेनबेकिया, पीस लिली, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, अॅग्लोनेमा, झेडझेड प्लांट सगळे याच घरातले, म्हणजे नर्सरीत इनडोअर म्हणून जे पुढे मांडलेलं असतं त्यातलं बरंच काही! एवढं एक कुळ लक्षात ठेवलं तरी बरंच काम होतं.

याशिवाय स्नेक प्लांट, जेड आणि आपली कोरफड पण नको, उलट्या-जुलाब होतात. कण्हेर, बिट्टी आणि अडेनियम तर बाल्कनीतही नको, हृदयावर परिणाम होतो.

सगळ्यात जास्त भीती मला सायकसची वाटते. याला सागो पाम म्हणतात पण तो पाम नाहीच, आणि त्याने कुत्र्याचं लिव्हर निकामी होऊन जीव जाऊ शकतो, बिया तर सर्वात विषारी. अरेका पाम मात्र एकदम सेफ. फर्नचंही तसंच, बॉस्टन फर्न चालतो, अॅस्परॅगस फर्न नाही. म्हणून नर्सरीत नुसतं "पाम द्या" म्हणू नका, पूर्ण नाव विचारा, फोनवर फोटो काढून शोधा आणि मगच पैसे द्या.

बिनधास्त आणा असे: अरेका, स्पायडर प्लांट, बॉस्टन फर्न, कॅलेथिया, पेपरोमिया, हॉवर्थिया. कोरफडीसारखं दिसणारं काही हवं असेल तर हॉवर्थियाच घ्या, छोटं राहतं आणि ऊनही कमी लागतं. सेफ झाड पण पोटभर खाल्लं तर कुत्रा ओकणारच, ते वेगळं.

आणि झाड सेफ असलं तरी कुंडीत काय घालताय ते बघा. एरंडीच्या पेंडीत रायसिन नावाचं विष राहू शकतं, आणि कुत्र्यांना ती चवीने खावीशी वाटते, बोनमीलचा (हाडांच्या चुऱ्याच्या खताचा) वास आला की माती उकरतात, पावसाळ्यात गोगलगायींसाठी टाकतात त्या गोळ्यांमधलं मेटाल्डिहाइड तर फार घातक. मी फक्त गांडूळखत वापरते.

चुकून खाल्लंच तर तोंडातले तुकडे काढा, तोंड पाण्याने धुवा, मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला अजिबात जाऊ नका, आणि उरलेली फांदी पिशवीत घालून सरळ व्हेटकडे. सायकस, कण्हेर किंवा पेंड असेल तर कुत्रा ठीक दिसतोय म्हणून थांबू नका. त्या दिवशी मला डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते "काय खाल्लं?", म्हणून आता प्रत्येक कुंडीवर मार्करने झाडाचं नाव लिहून ठेवलंय.