कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय? किट टाकण्याआधी पातळी मोजा

गाडी उभी केली की खालच्या नळीतून पेट्रोल ठिबकतं, किक मारून मारून पाय दुखतो आणि प्लग काढावा तर ओलाचिंब. यावर हमखास मिळणारे सल्ले दोन: ‘कार्बोरेटरला पान्याने दोन टपल्या मारा’ आणि ‘किट (बदलायच्या सुट्या भागांचा संच) बसवून टाका’. टपलीने अडकलेली नीडल (आत येणाऱ्या पेट्रोलची वाट बंद करणारी सुई) सुटते, हे खरं. पण ती अडकली कशामुळे, ते आत तसंच राहतं. किटचं म्हणाल, तर नवं किट टाकूनही गळणारे कार्बोरेटर कमी नाहीत, कारण दोष बऱ्याचदा किटमध्ये न येणाऱ्या भागात किंवा फ्लोटच्या (पेट्रोलवर तरंगणारा आतला भाग) उंचीत असतो.

कार्बोरेटरकडे वळण्याआधी इंजिन ऑइल बघा. ओव्हरफ्लोचा रस्ता तुंबलेला असेल तर पेट्रोल इंजिनच्या बाजूला उतरतं, व्हॉल्व्ह उघडा असेल तर सिलिंडरमध्ये जातं आणि पिस्टनच्या रिंगांमधून झिरपत ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली किंवा पट्टीला पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालू करू नका. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंग वाचवत नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलेलं असताना सेल्फ मारणं तर त्याहून महागात पडतं. द्रव दाबला जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून चावी बंद करा, प्लग काढा, प्लगची कॅप भोकापासून लांब ठेवा आणि हाताने किक हळूहळू फिरवून पेट्रोल बाहेर येऊ द्या. हे सगळं उघड्यावर करा. आसपास विडी-सिगारेट नको.

आता गळतंय कुठून ते पक्कं करा. बाउलच्या (कार्बोरेटरच्या तळाची, पेट्रोल साठवणारी वाटी) सांध्यातून येत असेल तर गॅस्केट. ड्रेन स्क्रूपाशी (बाउल रिकामा करायचा स्क्रू) येत असेल तर त्याची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, किंवा बसण्याची जागा. एकापेक्षा जास्त कार्बोरेटर असतील तर त्यांना जोडणाऱ्या नळीच्या ओ-रिंगा तपासा. व्हॅक्यूमवर, म्हणजे चालू इंजिनाच्या ओढीवर, उघडणारा पेट्रोल कॉक असेल, तर त्याची व्हॅक्यूमची बारीक नळी काढून आत पेट्रोल आहे का बघा. ती कोरडी असायला हवी. ओली निघाली तर कॉकचा पडदा फाटलाय, पेट्रोल त्या नळीवाटे थेट इंजिनात जातंय आणि कार्बोरेटर बिचारा निर्दोष आहे.

ओव्हरफ्लोच्या नळीतूनच येत असेल, तर बाउल काढून त्यात उभा असलेला पितळी पाइप नीट बघा. त्याला उभी बारीक चीर गेली, तर पातळी बरोबर असूनही पेट्रोल वाहत राहतं, आणि लोक नीडलवर नीडल बदलत बसतात. बाउल सपाट धरून पाइपच्या तोंडाच्या किंचित खालपर्यंत पेट्रोल भरा. खालून थेंब आला तर चोर सापडला.

‘रोज कॉक बंद करा म्हणजे झालं’ हा सल्लाही ऐकायला मिळतो. सवय चांगली आहे, पण तो इलाज नाही. चालत्या गाडीत पातळी चढलेलीच राहते. गाडी काळा धूर सोडते, प्लग काजळतो आणि अ‍ॅव्हरेज घसरतं.

कार्बोरेटर उतरवा, बाहेरून धुवा, बाउल उघडा. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारा स्क्रू-ड्रायव्हर वापरा. खाच गेली की पुढची सगळी मजा गेली. फ्लोटची पिन ज्या दोन खांबांत बसते ते ठिसूळ असतात. पिनचं एक टोक जाड असतं, बारीक टोकाकडून हलकेच ठोकून ती काढा आणि ठोकताना खांबाला मागून आधार द्या. खांब तुटला तर बहुतेक वेळा पूर्ण कार्बोरेटर भंगारात जातो.

फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो जड झालाय. शंका राहिली तर गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का बघा. पितळी फ्लोटला भोक असेल तर आतलं पेट्रोल पूर्ण उडून गेल्याशिवाय डाग द्यायला घेऊ नका.

नीडलचं टोक भिंगाखाली धरा. टोकाभोवती गोल चर पडलेला दिसला तर ती बदला, पण तिथेच थांबू नका. नीडल जिथे बसते त्या सीटवर पेट्रोलमधला मळ आणि गंज यांचा थर असतो. कापसाच्या काडीवर धातूचं पॉलिश घेऊन काडी सीटमध्ये बोटांनी फिरवा, मग स्वच्छ धुवून हवा मारा. सँडपेपर, तार, टाचणी यांतलं काहीही आत घालू नका. सीट निघणारी असेल तर बाहेर काढा, कारण तिच्या बाहेरच्या अंगाला एक ओ-रिंग किंवा वॉशर असतो. तो कडक झाला की पेट्रोल सीटला वळसा घालून बाउलमध्ये उतरतं. नीडल कितीही घट्ट बसली तरी उपयोग शून्य. कार्बोरेटर क्लीनर मारण्याआधी रबराचे सगळे भाग काढून ठेवा, नाहीतर ते फुगतात.

आता फ्लोटची उंची. मला सर्वात जास्त छळलं ते या पायरीने, आणि सर्वात जास्त चुकीचे सल्लेही इथेच मिळतात.

फ्लोटचं काम छतावरच्या टाकीतल्या बॉल-कॉकसारखंच: पातळी वर आली की नीडल बंद करायची. ती कोणत्या पातळीला बंद व्हावी, हे फ्लोटवरची छोटी पत्र्याची जीभ ठरवते. कार्बोरेटर उलटा धरून, गॅस्केट काढलेल्या पृष्ठभागापासून फ्लोटच्या टोकापर्यंत मोजायचं. आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, दुसऱ्या गाडीचा चालत नाही.

गोंधळ उडतो तो उलटं धरल्यामुळे. आकडा मोठा म्हणजे गाडीत पेट्रोलची पातळी खाली. आकडा लहान म्हणजे पातळी वर. मॅन्युअल 14 मिमी म्हणत असेल आणि तुम्हाला 12 मिळाले, तर तुमचा बाउल जास्त भरतोय. हे कागदावर लिहून समोर ठेवा. काम करताना डोकं हमखास उलट चालतं.

दुसरा सापळा नीडलच्या मागच्या बारीक स्प्रिंगच्या टोकाचा. कार्बोरेटर पूर्ण उलटा केला की फ्लोटच्या वजनाने ते टोक दाबलं जातं आणि आकडा आहे त्यापेक्षा लहान येतो. मग माणूस जीभ वाकवतो, पातळी गरजेपेक्षा खाली जाते, गळती थांबते आणि गाडी ओढायची बंद होते. म्हणून कार्बोरेटर आधी असा उभा धरा की फ्लोट लटकेल. मग हळूहळू कलवा. जीभ स्प्रिंगच्या टोकाला नुसती टेकली, टोक अजून दबलं नाही, त्या क्षणी थांबा आणि मोजा. दुसऱ्याने पट्टी धरली तर सोपं जातं. दोन फ्लोट असतील तर दोन्हीकडे सारखा आकडा यायला हवा.

जीभ नीडलच्या दिशेने वाकवली की नीडल लवकर बंद होते आणि पातळी उतरते. वाकवताना फ्लोट बाहेर काढा. जागेवरच स्क्रू-ड्रायव्हरने दाबून वाकवू नका, नीडलचं रबरी टोक सीटवर चेपतं आणि आत्ताच केलेली मेहनत वाया जाते. जीभ अगदी जराशी हलवा. तिच्या केसभर फरकाने फ्लोटचं टोक बरंच सरकतं. जीभ प्लास्टिकची असेल तर वाकवायच्या भानगडीत पडू नका, आकडा जमत नसेल तर फ्लोट बदला.

एवढं करूनही पट्टीवरचा आकडा हा अंदाजच. खरी परीक्षा पारदर्शक नळीची. कार्बोरेटर बसवा, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करा, ड्रेनच्या तोंडाला पारदर्शक नळी लावून ती बाउलच्या शेजारून वर धरा. कॉक उघडा, ड्रेन स्क्रू सैल करा. बाउलमधली पातळी नळीत दिसेल. बाउलच्या सांध्यापासून ती किती हवी, हे बऱ्याच मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. नळी वर-खाली करत बसू नका, वाचन चुकतं. एका जागी बांधून टाका.

आता बघत राहा. पातळी एका जागी थांबली, पण हवी त्यापेक्षा वर, तर उंची चुकली आहे; पुन्हा जिभेकडे. पातळी हळूहळू चढतच राहिली, तर उंचीचा काही संबंध नाही. नीडल, सीट किंवा सीटची ओ-रिंग पेट्रोल सोडतेय, आणि जीभ कितीही वाकवा, ते थांबणार नाही. हा एवढा फरक न पाहता लोक तोच कार्बोरेटर चार-चार वेळा उघडतात.

थांबलेल्या पातळीवर मार्करने खूण करा आणि कॉक उघडा ठेवून तासभर जवळच थांबा. व्हॅक्यूमचा कॉक असेल तर तो प्राइमवर (इंजिन बंद असतानाही पेट्रोल सोडणारी खूण) ठेवा, नाहीतर इंजिन बंद असताना पेट्रोल येणारच नाही आणि चाचणी खोटी ठरेल. खूण हलली नाही, तर ड्रेन स्क्रू घट्ट करा, नळी काढा, पेट्रोलच्या पाइपमध्ये नवा फिल्टर घाला. टाकीत गंज असेल तर आधी ती साफ करा, नाहीतर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात गंजाचा कण नीडलखाली जाऊन बसेल. पेट्रोल मिसळलेलं ऑइल यानंतर बदला, गळती थांबण्याआधी नाही.