यंत्रांच्या आधी टकरी मोजा

दर रविवारी म्हार्दोळला आमच्या सोप्यावर भौतिकशास्त्राची चार-पाच मुलं जमतात. मुंबईत काही वर्षं मी ग्रिडच्या, म्हणजे एलएचसीचा डेटा हाताळणाऱ्या जगभरच्या संगणक-केंद्रांच्या जाळ्याच्या, यंत्रांचा हिशेब सांभाळला, म्हणून त्यांचा प्रश्न ठरलेला: "सर, मोठ्या प्रयोगाला सर्व्हर किती लागतात?" पहिला तासभर मी सर्व्हरचं नावही काढू देत नाही. आधी टकरी मोजायच्या.

एलएचसीमध्ये, म्हणजे जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या कण-त्वरकात, प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला ४ कोटी वेळा समोरासमोर येतात. कामाच्या टकरी निवडणारी यंत्रणा, म्हणजे ट्रिगर, त्यातलं थोडंसंच ठेवते. सरावासाठी सेकंदाला १००० इव्हेंट (नोंदवलेल्या टकरी), प्रत्येकी १ मेगाबाइट, आणि वर्षाकाठी टकरींचे ७० लाख सेकंद धरा. म्हणजे ७ अब्ज इव्हेंट, ७ पेटाबाइट (७० लाख गिगाबाइट) कच्चा डेटा.

एका इव्हेंटच्या पुनर्रचनेला, म्हणजे कच्च्या संकेतांवरून कण ओळखायला, प्रोसेसरच्या एका कोअरचे २० सेकंद धरले, आणि वर्षातल्या ३.१५ कोटी सेकंदांपैकी ८५ टक्केच कामी येतात असं मानलं, तर सुमारे ५२०० कोअर लागतात. सिम्युलेशनची, म्हणजे संगणकावर घडवलेल्या नकली टकरींची, ओळ वेगळी लिहा. तिथे प्रत्येक इव्हेंटला बहुधा जास्त वेळ जातो. जुना कोअर आणि नवा कोअर सारखं काम करत नाहीत, म्हणून मागणी हेपस्कोअर२३ या कोअरच्या कामाचा वेग मोजणाऱ्या मापात मांडतात.

आता डिस्क. माझी सगळ्यात महागडी चूक इथलीच. एका गटासाठी मी कच्च्या डेटाची एकच प्रत धरली आणि त्यातून निघणाऱ्या फायली विसरलो. डिस्क भरली, मुलांची कामं अडकली, आणि एका विद्यार्थिनीचं विश्लेषण पुढे ढकलावं लागलं. ते मला अजून लागतं. म्हणून प्रत्येक प्रकारच्या फायलीपुढे तीन आकडे लिहा: आकार, प्रती, किती महिने ठेवायच्या. एलएचसीवरच्या सीएमएस या प्रयोगाचा कच्चा इव्हेंट मेगाबाइटभर, तर नॅनोएओडी या त्याच्या आटोपशीर फायलीतला एक-दोन किलोबाइटचा. जे विश्लेषण नॅनोवर भागतं, ते तिथेच करा. कच्चा डेटा टेपवर, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. टेप स्वस्त आणि पडून असताना वीज न खाणारी, पण वाचायला वेळ घेते.

मग वाटणी. ग्रिडची केंद्रं टियर नावाच्या पायऱ्यांत विभागलेली असतात. पहिली प्रत सर्नच्या टियर-० मध्ये, दुसरी टियर-१ केंद्रांत. सिम्युलेशन आणि विश्लेषणाचा बराच भार टियर-२ वर. भारतात सीएमएससाठी मुंबईचं टीआयएफआर आणि ॲलिस या दुसऱ्या प्रयोगासाठी कोलकात्याचं व्हीईसीसी ही टियर-२ केंद्रं आहेत. डेटा हलवण्याचाही हिशेब करा: १० गिगाबिटची लाइन पूर्ण मोकळी मिळाली तरी १ पेटाबाइटला नऊ दिवसांहून जास्त लागतात. काम डेटाजवळ न्यावं ते यासाठी.

पैशांत विजेला खरेदीइतकाच मान द्या. ६४ कोअरचा सर्व्हर ५०० वॉट खातो आणि एसीसकट दीडपट होतं असं धरा: वर्षाला ६५७० युनिट. ५२०० कोअरसाठी असे ८२ सर्व्हर, म्हणजे ५.४ लाख युनिट. ६ रुपये दराने ३२ लाखांच्या वर. शिवाय पाच वर्षांनी यंत्रं बदलायची, म्हणून दरवर्षी पाचवा हिस्सा नव्या खरेदीला बाजूला काढा.

ग्रिडचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. केंद्रांनी ग्रिडला कबूल केलेली यंत्रं त्या दिवशी चालू हवीत, तेव्हा ऑर्डर दिवाळीच्या आधीच द्या. आणि सर्व्हरची खोली आपल्या गोव्यात असेल तर जनरेटर आणि एसी मृगाआधी पूर्ण भारावर चालवून बघा.