नॅशव्हिलची कंट्री स्टेशनं: कुठलं कुठे स्वच्छ लागतं ते कसं तपासायचं

सांगलीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. "स्टेशन लागत नाही" म्हणत गिऱ्हाईक आलं, की रेडिओ उघडायच्या आधी ते तीन गोष्टी विचारायचे. कुठलं स्टेशन? किती वाजता? आणि रेडिओ घरात ठेवता कुठे? मी गेली ११ वर्षं अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात मर्फ्रीसबरोला राहते. नॅशव्हिल इथून साधारण ३५ मैल. इथली कंट्री गाण्यांची, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या गाण्यांची स्टेशनं पारखताना मी आजही त्याच तीन प्रश्नांनी सुरुवात करते.

आमच्याकडे एफएमवर ९५.५, ९७.९ आणि १०३.३ ही कंट्रीची मोठी स्टेशनं लागतात आणि एएमवर, म्हणजे आपल्या मीडियम वेव्हवर, ६५० लागतं. हे ६५० म्हणजे डब्ल्यूएसएम, १९२५ साली एका विमा कंपनीने सुरू केलेलं. 'ग्रँड ओल ओप्री' हा शनिवार रात्रीचा कार्यक्रम त्याच वर्षीपासून याच स्टेशनवरून ऐकू येतो. एफएमवाल्यांकडे नवी गाणी जास्त, ६५० वर जुनी. मला जुनी आवडतात. पेडल स्टील गिटारवर सूर घसरत जातो तेव्हा आपल्या कानाला ती मींडच वाटते. पण आवड बाजूला ठेवा, कारण एएम आणि एफएम यांची परीक्षा एकाच मापाने घेता येत नाही.

आधी रेडिओ बघा. गेल्या वर्षी आई आली तेव्हा सांगलीहून छोटा डिजिटल ट्रान्झिस्टर घेऊन आली. त्यावर ६५० काही केल्या लागेना. आकडा ६४८ वरून थेट ६५७ वर उडी मारायचा. आपल्याकडे मीडियम वेव्हची स्टेशनं ९-९ किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात (सांगली आकाशवाणीचं १२५१ नऊने भागून बघा), अमेरिकेत १०-१० च्या. बऱ्याच डिजिटल रेडिओंत ९ आणि १० मध्ये बदल करायची सोय असते, कधी बॅटरीच्या खणात बारीक बटण, कधी एखादी कळ दाबून धरायची. ती सोय नसेल तर ६४८ वर आवाज येतो खरा, पण दबलेला आणि कडेने फाटलेला. त्यावरून स्टेशनला नावं ठेवू नका. सुईच्या जुन्या रेडिओला ही अडचण येत नाही. एफएमलाही नाही, कारण इथल्या स्टेशनांचा दशांश विषम असतो आणि आपल्याकडचे रेडिओ एक-एक दशांशाने पुढे जातात.

आता एक वही घ्या. प्रत्येक नोंदीला वेळ, जागा, स्टेशन आणि तीन गुण: आवाज किती जोरात, खरखर किती कमी, चढउतार किती कमी. प्रत्येकी ५ पैकी. रेडिओ एकच ठेवा. तुलना गाण्यावर करू नका, निवेदकाच्या बोलण्यावर करा. गाण्यात ड्रम वाजत असला की खरखर झाकली जाते. बोलण्यातल्या दोन वाक्यांमधल्या शांततेत ती उघडी पडते.

एफएमसाठी एरियल पूर्ण उघडा, पण तिथेच थांबू नका. या लहरींची लांबी सुमारे ३ मीटर असते आणि भिंतींवरून, टेकड्यांवरून परतलेली लाट मूळ लाटेला छेदते. म्हणून रेडिओ एका जागी फसफसतो आणि हातभर सरकवला की स्वच्छ होतो. एका खोलीत निदान तीन जागा बघितल्याशिवाय गुण देऊ नका. स्टिरिओचा दिवा लागून फसफस येत असेल तर मोनोवर टाका. मोनोवर स्वच्छ झालं तर समजा सिग्नल पोचतोय, फक्त कमी पडतोय.

एएमला या ओढून उघडायच्या एरियलचा उपयोग नाही. आत फेराइटची कांडी असते, तेच एएमचं एरियल. तिची कूस मनोऱ्याकडे हवी. तिचं टोक मनोऱ्याकडे झालं की आवाज बसतो. ६५० चा मनोरा ब्रेंटवुडला, आय-६५ महामार्गाच्या कडेला आहे. मधे फुगलेला, दोन्ही टोकांना निमुळता, ८०८ फुटांचा. आमच्यापासून तो वायव्येला, २५ मैलांवर. मी ओट्यावर रेडिओ सावकाश गोल फिरवून जोराची दिशा शोधली आणि तिथे पेन्सिलने खूण केली. तरीही खरखर राहिली तर दोष बहुधा घरातच असतो. एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, वायफायचा डबा. रेडिओ बॅटरीवर लावा आणि एकेक उपकरण प्लगमधून काढत जा. माझ्याकडे चोर निघाला ओट्यावरचा एलईडी पट्टा. तो बंद केला आणि खरखरीचे गुण २ वरून ५ वर गेले.

गाडीतली परीक्षा वेगळी. आय-२४ ने चॅटनुगाकडे निघा. मँचेस्टरच्या पुढे एफएम अधूनमधून फसफसायला लागतं, माँटइगलच्या पठारावर चढलात की पुन्हा सुधारतं आणि पलीकडचा घाट उतरताना जातं. एफएमला मनोरा जवळजवळ नजरेच्या टप्प्यात लागतो, डोंगर आड आला की संपलं. त्याच आकड्यावर दुसऱ्या गावचं स्टेशन असेल तर दोन्ही मिसळून ऐकू येत नाहीत, जो जोरदार तो दुसऱ्याला दाबतो. ६५० मात्र दिवसा जमिनीला धरून येतं. खरखर वाढत जाते, पण घाटाखालीही निवेदकाचं बोलणं कळतं. विजेच्या तारांखालून जाताना नोंद करू नका, थोडं पुढे जाऊन करा. काही विजेवरच्या गाड्यांत एएम दिलेलंच नसतं, तेव्हा निघण्याआधी खात्री करा.

सूर्य मावळला की ६५० चा हिशोबच बदलतो. दिवसा या लहरी शोषून घेणारा वातावरणातला थर रात्री विरून जातो आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर उतरतात. ५० हजार वॅटचं हे स्टेशन म्हणूनच रात्री अनेक राज्यांत ऐकू येतं. पण मधे एक वाईट पट्टा असतो. तिथे जमिनीवरून आलेली आणि आकाशातून आलेली लाट जवळपास सारख्या ताकदीची असते, आणि दोघी एकमेकींना कधी जोर देतात, कधी पुसून टाकतात. आवाज विहिरीत गेल्यासारखा खोल जातो आणि परत वर येतो. मनोऱ्याची उंची आधी ८७८ फूट होती. १९३९ मध्ये ती कमी केली, कारण त्या उंचीमुळे दूरच्या कडेच्या भागात स्टेशन स्वतःचाच सिग्नल मारत होतं.

म्हणून ६५० च्या दोन वेगळ्या नोंदी हव्यात, दुपारची आणि सूर्यास्तानंतर किमान तासाभराने घेतलेली. रात्रीच्या नोंदीला पाच मिनिटं सलग ऐका, कारण एक चढउतार पुरा व्हायला कधी मिनिट, कधी दोन मिनिटं लागतात. माझ्या वहीत चॅटनुगाला रात्री चढउताराचे गुण १ आहेत. त्याच रात्री घरी परतल्यावर, ओट्यावरच्या खुणेवर रेडिओ ठेवून ५.

आणि वादळाच्या दिवसांत वीज जाते तेव्हाची एक नोंद जरूर घ्या. शेजारपाजारचे दिवे, चार्जर सगळे बंद असतात. तुमच्या घरात ६५० खरोखर किती स्वच्छ पोचतं ते त्या तासात कळतं. बॅटऱ्या आधीच भरून ठेवा.