काळ्या दगडाच्या जुन्या हायस्कूलच्या दरजा चुन्याने कशा भराव्यात

कोल्हापुरात भवानी मंडपाजवळचे मेन राजाराम हायस्कूल घ्या, नाहीतर देशावरचे एकोणिसाव्या शतकातले काळ्या दगडाचे दुसरे कोणतेही हायस्कूल घ्या. हा दगड पाणी जवळपास पीत नाही. भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडते ती चुन्याच्या दरजांतूनच, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतूनच. तिथे सिमेंट भरले की ओल आत कोंडते. मग वर्गातला गिलावा फुगतो, भिंतीला लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि भिंतीत बसवलेली सागवानी तुळयांची टोके कुजतात. गिलावा कितीदा नवा केला तरी उपयोग नाही, सिमेंटच काढावे लागते.

इमारत वारसा यादीत असेल तर आधी परवानगी घ्या. कौले, पन्हळी आणि पायथ्याची गटारे दुरुस्त केल्याशिवाय दरजांना हात लावू नका. काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीत संपवावे, कारण उन्हाळ्यात चुना फार लवकर सुकतो.

चुना निदान महिनाभर आधी विरवा. लोखंडी पिंपात पाणी घेऊन त्यात चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे न विरलेले खडे) थोडी थोडी सोडा. कळीवर पाणी कधीही ओतू नका, ती उसळून डोळे भाजतात. चष्मा आणि हातमोजे हवेतच. विरलेला चुना गाळून पाण्याखाली झाकून ठेवा.

सिमेंट छिन्नी-हातोडीने काढा. ग्राइंडर वापरला की दगडाच्या कडा कापल्या जातात, आणि ती जखम कायमची. दरज रुंदीच्या किमान दुप्पट खोल मोकळी करा. घडीव दगडांमधल्या 3 ते 5 मिमीच्या दरजांत छिन्नी शिरत नाही, तिथे हॅकसॉचे पाते चालवा. सैल भुगा ब्रशने काढून आदल्या संध्याकाळी भिंत भिजवा.

मिश्रण मापाने करा: 1 भाग चुना, 1 भाग सुरखी (विटांची भुकटी), 2 भाग धुतलेली नदीची वाळू. सुरखी कमी भाजलेल्या विटांची, बारीक चाळलेली असावी. पावसाळी भागात ती वगळू नका, ओलीतही चुना धरतो तो तिच्यामुळेच. वाळू खारट असेल तर लोणा तुम्हीच आत घालता. मजबुतीसाठी मूठभर सिमेंट टाकायचा गवंड्याचा आग्रह मात्र ठामपणे नाकारा. पाणी कमीत कमी घालून घाणीत (चुना मळायच्या दगडी चाकाच्या चरात) मळा. घाणी नसेल तर लाकडी दांड्याने भरपूर कुटा. गोळा हातात दाबला तर बोटे माखू नयेत.

खोल दरज एका दमात भरली तर आकसून कडेला चीर पडते. म्हणून 2 सेंमीचे थर अरुंद करणीने ठासून भरा आणि पहिला थर आवळला की दुसरा द्या. शेवटचा थर दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवा. उठावदार पट्टी काढली की तिच्यावर पाणी साचते आणि दर्शनी भागाची मूळ घडणही झाकली जाते. नख जेमतेम रुतेल इतका चुना घट्ट झाला की ताठ ब्रशने हलके ठोका, म्हणजे वरचा गुळगुळीत पापुद्रा उघडतो. त्यानंतर निदान 10 दिवस ओले गोणपाट टांगून ठेवा आणि ते दिवसातून तीनदा शिंपडा. दुपारी ते कोरडे पडले तर चुना भुसभुशीत होतो, आणि तेवढा भाग खरवडून पुन्हा भरावा लागतो.