थकबाकीपोटी जमिनीचा चुकीचा लिलाव झाला? पहिले तीस दिवस असे वापरा

महसुलाच्या थकबाकीपोटी जमीन विकली गेली की गावात हमखास एक सल्ला मिळतो: "फेरफारावर हरकत घ्या, बाकी कोर्टात बघू." या सल्ल्याने अनेकांच्या जमिनी गेल्या आहेत. फेरफार ही महसुली नोंद आहे, तिने मालकी मिळत नाही आणि ती अडवल्याने लिलावही रद्द होत नाही. लिलाव रद्द करण्याचा रस्ता महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या प्रकरण ११ मध्ये आहे आणि त्याची मुदत विक्रीच्या तारखेपासून फक्त तीस दिवसांची आहे. फेरफाराची नोटीस हातात पडेपर्यंत बहुतेक वेळा हे तीस दिवस उलटून गेलेले असतात.

आधी विक्री कोणत्या कायद्याखाली झाली ते जाहीरनाम्यावरून पक्के करा. सहकारी संस्थेच्या कर्जवसुलीतली विक्री सहकारी संस्था नियम, १९६१ च्या नियम १०७ खाली होते आणि तिथला अर्ज वेगळा असतो. बोलीच न आल्याने सरकारने नाममात्र बोलीने जमीन स्वतःकडे घेतली असेल, तर ती 'आकारी पड' ठरते. तिचा मार्ग जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २२० मधून जातो. अशा जमिनी मूळ धारकांना परत करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये घेतला. पुढचे सगळे, तिसऱ्या माणसाने बोली लावून जमीन घेतली आहे असे धरून.

लिलाव झाल्याचे कळेल त्याच दिवशी तहसील कार्यालयात नकलेचा अर्ज द्या. नुसते "प्रकरणाची नक्कल" असे लिहू नका, एकेक कागद नावाने मागा: मागणी नोटीस व तिची पोच, जप्तीचा आदेश, जाहीरनामा, तो डकवल्याचे पंचनामे, दवंडीचा अहवाल, बोलीपत्रक, खरेदीदाराने पैसे भरल्याचे चलन आणि संपूर्ण रोजनामा (प्रकरणातल्या कामकाजाची तारखवार नोंद). सातबारा, आठ-अ आणि जुन्या वसुली पावत्या तुमच्याकडे असतीलच.

आता खरी अडचणीची पायरी. तीस दिवसांत दोन अर्ज शक्य असतात आणि त्यांतला एक निवडावा लागतो.

पहिला अर्ज पैसे भरून विक्री रद्द करून घेण्याचा. जमिनीचा मालक किंवा लिलावाआधीपासून तिच्यात हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती तो करू शकते. म्हणजे सहहिस्सेदार आणि वारसही. भरायच्या रकमेचे तीन भाग असतात: जाहीरनाम्यातली थकबाकी, विक्रीचा खर्च आणि खरेदीदारासाठी बोलीच्या पाच टक्के. समजा बोली ४,००,००० रुपयांची, थकबाकी ६२,००० आणि खर्च ३,००० असेल, तर ६२,००० + ३,००० + २०,००० मिळून ८५,००० रुपये भरावे लागतील. मुदतीत पूर्ण रक्कम जमा झाली की विक्री रद्द करावीच लागते; चूक कोणाची, हा प्रश्नच येत नाही. रक्कम चलनानेच भरा, कोणाच्याही हातात रोख देऊ नका. शंभर रुपये कमी पडले तरी अर्ज अडकतो, म्हणून हिशेब कार्यालयाकडून लेखी घ्या.

"थकबाकी नव्हतीच, मग मी का भरू?" हा राग रास्त आहे. तरीही पैशांची सोय होत असेल तर भराच. अर्जात "थकबाकी मान्य नाही, हक्क राखून रक्कम भरत आहे" असे स्पष्ट लिहा आणि पैशांसाठी नंतर भांडा. जमीन हातात ठेवून पैशांसाठी भांडणे सोपे, उलटे फार महाग.

दुसरा अर्ज लिलावाच्या प्रसिद्धीत किंवा तो घेण्यात झालेली गंभीर अनियमितता, चूक किंवा फसवणूक दाखवून विक्री रद्द करून घेण्याचा. बहुतेक अर्ज इथेच पडतात, कारण लोक अनियमितता दाखवून थांबतात. त्या अनियमिततेमुळे तुमचे मोठे नुकसान झाले, हेही जिल्हाधिकाऱ्यांना पटवून द्यावे लागते. दोन्हींची सांगड घातली नाही तर उरते ती नुसती तक्रार.

अनियमितता कागदात शोधा. विक्रीची नोटीस जिल्हाधिकारी कार्यालय, तहसील कार्यालय, गावची चावडी आणि थकबाकीदाराचे घर अशा चार ठिकाणी लागायला हवी. सर्वांत शेवटी जिथे लागली त्या तारखेपासून किमान तीस दिवस गेल्याशिवाय स्थावर मालमत्तेचा लिलाव घेता येत नाही. चारही पंचनाम्यांच्या तारखा एका कागदावर मांडा. घरावर नोटीस १० मार्चला लागली आणि लिलाव ५ एप्रिलला झाला, तर अंतर सव्वीस दिवसांचे. हा मुद्दा नाकारणे कठीण. लिलाव रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी झाला का, दवंडी गावात आणि तालुक्याच्या ठिकाणी पिटली का, बोली संपताच खरेदीदाराने पंचवीस टक्के भरले का, तेही तपासा. पंचनाम्यावरच्या पंचांना जाऊन भेटा. आपली सही कशावर घेतली हेच त्यांना माहीत नसेल, तर त्यांचे प्रतिज्ञापत्र घ्या. नोटीस मयत खातेदाराच्या नावाने निघाली आणि वारसांना कळवलेच नाही, असेही पुष्कळदा आढळते. तिथे मृत्यूचा दाखला पहिल्या पानालाच जोडा.

मग नुकसान. दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याच गावातल्या, त्याच प्रतीच्या जमिनीच्या अलीकडच्या तीन-चार खरेदीखतांची सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) काढा, रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला) दर जोडा आणि बोलीशी तुलना करा. सगळ्यांत वजनदार पुरावा म्हणजे "लिलाव कळला असता तर मी एवढी बोली लावली असती" असे सांगणाऱ्या, ऐपत असलेल्या माणसाचे प्रतिज्ञापत्र. प्रसिद्धी झाली नाही म्हणून बोली लावणारे आले नाहीत आणि म्हणून भाव पडला, ही साखळी त्यातून पूर्ण होते.

नकला मिळाल्या नाहीत म्हणून थांबू नका. अर्ज मुदतीत द्या, नकलेच्या अर्जाची पोच जोडा, जादा मुद्दे मांडण्याची परवानगी मागा आणि विक्री कायम (म्हणजे अंतिम मंजूर) करण्यास स्थगितीची विनंती त्याच अर्जात करा. मात्र दोन दगडांवर पाय ठेवू नका. अनियमिततेचा अर्ज प्रलंबित ठेवून पैसे भरण्याचा अर्ज टाकला, तर पैसे भरण्याचा अर्ज अडतो.

विक्री कायम झालीच, तर अपील करा. आदेश जिल्हाधिकाऱ्यांच्या खालच्या अधिकाऱ्याचा असेल तर साठ दिवस, जिल्हाधिकाऱ्यांचा असेल तर नव्वद. फेरफाराच्या नोटिशीवर पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या, म्हणजे नोंद तक्रारी नोंदवहीत जाईल.

दिवाणी दाव्याबद्दल चुकीचे सल्ले सर्वाधिक मिळतात. १८७६ च्या महसूल अधिकारिता अधिनियमाच्या कलम ४ नुसार, जमीन महसुलाच्या थकबाकीपोटी झालेली विक्री नुसत्या अनियमिततेच्या कारणावरून रद्द करण्याचा दावा दिवाणी न्यायालय ऐकत नाही, अपवाद फसवणुकीचा. म्हणून फसवणूक असेल तर कोणी, केव्हा, कोणत्या कागदात केली, हे दाव्यात तपशीलवार लिहा. मुदत कायद्याच्या अनुच्छेद ९९ प्रमाणे विक्री कायम झाल्यापासून एक वर्ष मिळते. सरकारला प्रतिवादी करायचे तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते, आणि त्या वर्षातून हे दोन महिने मनात आधीच वजा करून ठेवा. मनाई हुकूम तातडीने हवा असेल तर नोटिशीविना दावा दाखल करण्याची परवानगी मागता येते.

दावा दाखल होताच प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, नाहीतर खरेदीदार जमीन पुढे विकेल आणि नवा माणूस "मला माहीतच नव्हते" म्हणत उभा राहील. ताबा तुमच्याकडे असेल तर वहिवाट थांबवू नका आणि प्रत्येक हंगामाची पीक पाहणी स्वतःच्या नावाने नोंदवून घ्या.