समुद्राखाली घुसणाऱ्या प्लेटचा आकार कसा काढायचा

गोव्याच्या किनाऱ्याला सबडक्शन झोन, म्हणजे एक प्लेट दुसरीखाली घुसते तो पट्टा, नाही, आपल्याला जवळचा म्हणजे पाकिस्तान-इराणकडचा मकरान, दीड हजार किलोमीटरच्या आसपास, पण नोव्हेंबर १९४५ मध्ये तिथं ८.१ चा भूकंप झाला तेव्हा त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती, त्यामुळे हा विषय आपलाच आहे. शिकायला मात्र अंदमान-सुमात्रा घ्या. मकरानात भूकंप कमी आणि खंदक, म्हणजे प्लेट जिथून खाली वळते तिथली समुद्रतळाची लांब खोल चर, गाळानं भरलेला, सुरुवातीलाच गोंधळ होतो.

यूएसजीएस या अमेरिकन भूगर्भ संस्थेच्या साइटवरून भूकंपांची यादी फुकट डाऊनलोड होते, १९७० नंतरचे ५ तीव्रतेच्या वरचे घ्या. समुद्रतळाच्या खोलीसाठी जेब्कोचा जागतिक नकाशा. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये खंदकाची रेघ ओढा, तिला काटकोनात एक छेद घ्या, छेदाच्या दोन्ही बाजूंच्या ५० किलोमीटरमधले भूकंप त्यावर आणा, आडवं अंतर उभी खोली.

आता नीट बघा. ठिपके खाली उतरताना दिसतील, पण १० आणि ३३ किलोमीटरवर पट्टी लावल्यासारख्या दोन आडव्या रांगाही दिसतील. खोली ठरवता आली नाही की हे आकडे गृहीत धरून टाकतात. भरसमुद्रातल्या भूकंपाला हे जास्त होतं कारण भूकंप नोंदवणारी स्टेशनं जवळपास सगळी जमिनीवर, लांब आणि बहुतेक एकाच बाजूला. मी पहिल्यांदा त्या रांगा न वगळता प्लेटची रेघ ओढली तर प्लेट ३३ वर सपाट झाली, ताळगावात खोलीवर बसून दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. म्हणून हे ठिपके आधी काढून टाका, बाकी सगळं नंतर.

मग ग्लोबल सीएमटी या यादीतून प्रत्येक भूकंपात खडक कोणत्या दिशेनं सरकला ते बघा. कमी उताराचे थ्रस्ट, म्हणजे वरचा खडक खालच्यावर चढणारे, भूकंप दोन प्लेटांच्या सांध्यावरचे, ते सोन्यासारखे जपा. खोलवरचे बाकीचे ठिपके बुडणाऱ्या प्लेटच्या आतले असतात, म्हणून तिथं रेघ ठिपक्यांच्या मधून नाही, वरच्या कडेनं काढायची. बरेच जण इथंच चुकतात.

खंदकाजवळचा उथळ भाग भूकंप सांगत नाहीत, तिथं जहाजावरून घेतलेलं रिफ्लेक्शन सेक्शन, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनींवरून बनवलेलं तळाखालच्या थरांचं चित्र, लागतं. मालिमच्या जेटीवर ट्रॉलरमध्ये फिश फाइंडर बघितला असेल ना, तेच तत्त्व, आवाज जाऊन परत येतो. फरक एवढाच की सेक्शनवर खोली नसते, सेकंद असतात, जाऊन-येऊन. पाण्यात ४ सेकंद म्हणजे सेकंदाला दीड किलोमीटर वेगानं, जाऊन-येऊन म्हणून निम्मे, ३ किलोमीटर. पुढे गाळात ३ सेकंद, वेग २.५ धरला तर ३.७५ किलोमीटर, ३ धरला तर ४.५, म्हणजे नुसत्या वेगाच्या अंदाजानं थर पाऊण किलोमीटर हलला. समुद्रतळावर ठेवलेल्या सिस्मोमीटरवरून, म्हणजे भूकंपमापकांवरून, काढलेले वेग मिळाले तर तेच वापरा.

असे छेद दर ५० किलोमीटरवर घ्या, रेघा जोडून पृष्ठभाग बनवा, खोलीच्या दर २० किलोमीटरला समोच्च रेषा काढा, डेटा नाही तिथं तुटक रेषा, उगाच गुळगुळीत करू नका.

शेवटी २०१८ चं स्लॅब२, म्हणजे जगभरच्या बुडणाऱ्या प्लेटांच्या आकाराचं यूएसजीएसचं मॉडेल, शेजारी ठेवा. त्यात खोली ऋण आकड्यांत आणि रेखांश ० ते ३६० असतात, जुळत नसेल तर आधी ते तपासा. तरीही १० किलोमीटरहून जास्त फरक राहिला तर तो छेद परत उघडा आणि तिथं किती ठिपके उरलेत ते मोजा.