मास कॉमला ॲडमिशन झाली, आता विषय कसे निवडाल?

बारावीचा निकाल लागला, फॉर्म भरले, कॉलेजच्या यादीत नाव आलं. घरच्यांच्या दृष्टीने काम फत्ते. पण मास कम्युनिकेशन घेणाऱ्या मुलामुलींना अजून एक टप्पा पार करायचा असतो: विषयांची नोंदणी. मेजर, म्हणजे मुख्य विषय, ठरलेलाच असतो, त्यात डोकं चालवायला फारसा वाव नाही. डोकं चालवायचं ते बाजूच्या विषयांत, आणि नेमके तेच बहुतेक जण ऑफिसबाहेरच्या रांगेत, पुढच्याच्या फॉर्ममध्ये डोकावून भरतात.

आधी हिशेब समजून घ्या

गोवा विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत आता नवीन शैक्षणिक धोरणाचा आराखडा चालतो. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं तर १६०. म्हणजे सेमिस्टरला साधारण २०. त्यात मेजर, मायनर (म्हणजे जोडविषय), दुसऱ्या शाखेतला एखादा विषय, भाषेचा पेपर, कौशल्याचा पेपर आणि मूल्यशिक्षणाचा पेपर असे तुकडे असतात.

क्रेडिट म्हणजे गुण नव्हेत, वेळ. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास, प्रात्यक्षिकाचं एक म्हणजे ३० तास. पंधरा आठवड्यांचं सेमिस्टर धरलं तर प्रात्यक्षिकाचं प्रत्येक क्रेडिट आठवड्याचे दोन तास खातं. मास कॉममध्ये कॅमेरा, ऑडिओ, एडिटिंग असं प्रात्यक्षिक बरंच असतं. त्यामुळे कागदावर २० दिसणारा आकडा वर्गात त्याहून मोठा होतो. काणकोण किंवा वाळपईहून रोज ये-जा करणाऱ्याने हा हिशेब फॉर्म भरायच्या आधीच करावा. शेवटचा तास कितीला सुटतो आणि त्यानंतर घरची बस कोणती, हे विचारायला लाजू नका.

मायनर निवडताना पुढची नोकरी डोळ्यांसमोर ठेवा

कॅमेरा धरायला आणि बातमी लिहायला मेजर शिकवतो. कशाबद्दल लिहायचं, ते मायनर देतो. राज्यशास्त्र घेतलेल्याला पर्वरीच्या विधानसभेत काय चाललंय ते कळतं. अर्थशास्त्र घेतलेला खाणबंदीचे, पर्यटनाचे आकडे वाचू शकतो. मानसशास्त्र किंवा वाणिज्याकडचा विषय जाहिरात आणि जनसंपर्कात जाणाऱ्याला उपयोगी. साहित्याचा मायनर पटकथेकडे ओढ असणाऱ्याने घ्यावा. तुमच्या कॉलेजात यातले कोणते मिळतात ते प्रॉस्पेक्टसमध्ये बघा; सगळीकडे सगळे नसतात, आणि काही विषयांना जागा मोजक्याच असतात.

‘मार्क सुटतात’ म्हणून मायनर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हा विषय एका सेमिस्टरपुरता नसतो. मैत्रिणीने घेतला म्हणून घेतलेला तर दिवाळीपर्यंतच जड होतो.

भाषेचा पेपर हलक्यात घेऊ नका

दोन-दोन क्रेडिटचे पेपर म्हणून याकडे कुणी बघत नाही. गोव्यात मात्र बातमीदाराचा दिवस तीन भाषांत जातो: पंचायतीच्या ग्रामसभेत कोंकणी, प्रेसनोट इंग्रजीत, आणि मराठी दैनिकात असाल तर संध्याकाळी कॉपी मराठीत. १९६२ पासून निघणारा ‘गोमन्तक’ किंवा १९७० चा ‘नवप्रभा’ उघडून बघा. तिथे शुद्ध, वेगाने मराठी लिहिणारं माणूस लागतं. शाळेत मराठी घेतलेल्या मुलांनी ती कॉलेजात सोडून देणं मला पटत नाही. घरात कोंकणी बोलत असाल पण लिहायचा सराव नसेल, तर कोंकणीचा पेपर घेण्यातही तितकाच फायदा आहे. आकाशवाणीच्या पणजी केंद्रावर दोन्ही भाषा चालतात.

सल्लागार प्राध्यापकांना भेटायला जाताना

बहुतेक ठिकाणी विभागातले एक सर किंवा मॅडम नव्या मुलांना मार्गदर्शनासाठी नेमून दिलेले असतात. त्यांच्याकडे ‘सर, काय घेऊ?’ असं विचारत गेलात तर उत्तरही तसंच मोघम मिळेल. एका कागदावर आपली निवड लिहून न्या, शेजारी एक पर्यायी विषय लिहा, आणि मग विचारा:

- या दोन विषयांचे तास एकमेकांवर येतात का?
- इंटर्नशिप कितव्या सेमिस्टरला, आणि जागा कॉलेज शोधून देतं की आपण?
- स्वतःचा लॅपटॉप, कॅमेरा लागतो का? कॉलेजचा घरी नेता येतो का?
- सरकारच्या स्वयम् पोर्टलवरचा ऑनलाइन कोर्स चालतो का, आणि त्याची परवानगी कधी घ्यायची?

कॅमेऱ्याचा प्रश्न पैशांचा आहे म्हणून मुलं तो टाळतात. टाळू नका. पहिल्या वर्षी फोनवर बरंच काम भागतं. आधीच हजारो रुपये घालण्यापूर्वी मॅडमनाच विचारलेलं बरं. पैशांची खरीच ओढाताण असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना आहे, तिच्या अटी वाचून घ्या.

हजेरीचंही याच भेटीत बोला. परीक्षेला बसायला साधारण ७५ टक्के हजेरी लागते, आणि नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, येतो. २००४ पासून तो गोव्यातच भरतो, म्हणजे मास कॉमच्या मुलांना घराच्या अंगणातच. त्या दिवसांची सूट मिळते का, की परीक्षा तेव्हाच येते, ते आत्ताच कळलेलं चांगलं.

कागदपत्रं आणि क्रेडिटचं खातं

गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, लागू असेल तर जातीचा दाखला. शिष्यवृत्तीसाठी रहिवासी दाखला लागला तर मामलेदार कार्यालयात जावं लागतं, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. गोवा बोर्डाऐवजी दुसऱ्या बोर्डातून आलेल्यांनी पात्रता प्रमाणपत्राबद्दल ऑफिसात विचारावं.

मग डिजिलॉकरवरून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे अपारचा, १२ अंकी क्रमांक काढा. तुमची क्रेडिट याच खात्यात जमा होतात. इथे मेख नावाची. आपल्याकडे आडनावांची स्पेलिंग घराघरांत वेगळी. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं. नाव जुळलं नाही की क्रमांक अडतो. त्यामुळे दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तपासा आणि गरज असेल तर आधार आधी दुरुस्त करा.

नोंदणीच्या दिवशी

ऑनलाइन फॉर्म भरून फी भरली की पावती आणि विषयांची छापील प्रत दोन्ही घ्या. प्रतीवर विषयाच्या नावाबरोबर कोडही बघा, कारण सारख्या नावाचे पेपर असतात आणि परीक्षेच्या यादीत कोडच जातो. काही चुकलं असेल तर विषय बदलायची मुदत सेमिस्टरच्या सुरुवातीलाच असते. ती तारीख ऑफिसच्या नोटीस बोर्डवर बघून लिहून ठेवा. ही मुदत गेली की क्लार्कच्या हातातही काही राहत नाही.

आणि मास कॉमच आपलं नव्हे असं वर्षभरात जाणवलं, तर आराखड्यात पहिल्या वर्षाअखेर मेजर बदलायची सोय आहे, जागा असल्यास. अर्थात त्यासाठीही सल्लागारांना दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा संपायच्या आत भेटा.